सात नंबरचं बीळ

कोळीमामांना कोळ्याची भीती कधी वाटली नाही. कोळ्यांची काळजी मात्र त्यांना सदान्कदा खात असे. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई होते. नव्या मुलांना कोळी हे त्यांचं आडनावच वाटे. खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर होतं.

मी पीएच.डी.साठी ज्या कोळ्याचा अभ्यास करत होते, तो जाळं विणत नाही. ओढ्याच्या उभ्या काठात बीळ करतो आणि त्याला माती व रेशमाचं झाकण बसवतो, बिजागरीसकट. मादी एकाच बिळात वर्षानुवर्षं राहते, आणि पिल्लं तिच्या आसपासच आपली बिळं करतात. त्यामुळे एक काठ गेला की अख्खी वस्ती जाते. केळझरजवळच्या एका नाल्यावर मामांनीच मला अशी वस्ती दाखवली. गाल मातीला टेकवून ते तिरपं बघायचे आणि केसाएवढी गोल रेघ हेरायचे. मला तिथे तासभर मातीच दिसली होती.

विभागात मला ‘मॅडम’ म्हणणारे मामा नाल्यावर पोचलो की ‘पोरी’ म्हणायचे. मी चिमट्याने झाकण उचलायला गेले की त्यांचा जीव खाली-वर व्हायचा. “हळू, पोरी, हळू! तुह्या घराचं दार असं कोणी रोज उघडून पाहिलं तं चालंन का तुले?” सगळ्या बिळांपाशी आम्ही नंबराचे खिळे ठोकले होते. त्यात सात नंबरवर त्यांचा फार जीव. माझ्या आधीच्या संशोधकाबरोबर बारा वर्षांपूर्वी त्यांनी ती मादी पाहिली होती. “म्हातारी हाये ते. तिले सांभाळून,” असं ते दर खेपेला बजावत.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात नाला खोलीकरणाचं काम मंजूर झालं. आम्ही सरपंचबाईंकडे धावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “कोळ्यापायी आमी टँकरचं पाणी पेत राहाव का, मॅडम?” मामाच म्हणाले, “नाई बाई, पाणी तं पाह्यजेच. आमाले उचलून न्याले वेळ द्या फक्त.” उद्या चार वाजेपर्यंत, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही काठ खोदत होतो. बीळ मोडू न देता भोवतीच्या मातीसकट प्लॅस्टिकच्या नळीत उतरवायचं, असं ते काम. वरच्या वळणावर मशीनची घरघर सुरू झाली होती. दर पाच मिनिटांनी मामा विचारत, “किती वाजले, पोरी?” त्या विचारण्याने माझीही घाई वाढायची. पावणेतीनला मी सात नंबरपाशी आले. घाईत फावडं तिरपं बसलं आणि सरळ बिळातून आरपार गेलं.

मादी दोन तुकडे होऊन माझ्यापुढे पडली होती. मामा बघत राहिले, मग खाली बसले. मी नोंदवही काढली आणि लिहिलं : यंत्राने नष्ट. मामांना इंग्रजी येत नसे, पण आमच्या नोंदी मराठीत असत. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

“मशीन कुठं हाये, पोरी? तिकडं वळणावर हाये अजून.”

“मामा, चार वाजता इथे येणारच होतं ना ते?”

“येईन तवा येईन. आता काय झालं ते लिव. मले बी वाईट वाटून राह्यलं. पन खोटं नको लिवू तिच्यावर.”

मी ओळ खोडली आणि लिहिलं : खोदताना संशोधकाच्या फावड्याने मृत. चार वाजेपर्यंत आम्ही एकूण एकोणीस बिळं हलवली. बाकीची राहिली.

पवनारजवळ मामांच्या साळ्याची वांग्याची वाडी होती. तिच्या बांधावर त्या नळ्या पुरल्या. पुढचे महिने वाईट गेले. झाकणं आतून बंद झाली होती. आत जीव आहे की थडगं, कळायला मार्ग नव्हता. मामा त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले, तरी रोज सकाळी फोन करायचे. “उघडलं का एखादं?” मी नाही म्हटलं की फोन ठेवून द्यायचे. मग एके दिवशी फोन आलाच नाही. अर्धांगाचा झटका आला होता.

पोळ्यानंतर एका सकाळी बांधावर मला एका झाकणाच्या बाजूला मसुरीएवढं दुसरं झाकण दिसलं. मग आणखी एक. पिल्लं! मामांच्या मुलीने त्यांना ऑटोतून आणलं. वाकता येईना, म्हणून मी मोबाइलवर मोठं करून दाखवलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

“माझे मार्गदर्शक सर म्हणतात, दोन माद्यांची बिळं खोदून अजून आत असलेली पिल्लं मोजू या,” मी म्हटलं. “आकड्याशिवाय निष्कर्ष कच्चा राहील.”

त्यांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, “आता... नको त्रास देऊ. माहीत नाई... असं बी लिवता येते ना?”

पंधरा दिवसांनी ते गेले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यातल्या एका रकान्यावर पेन ठेवलं. “बिळातल्या पिल्लांची संख्या, ‘माहीत नाही’? बाई, हे काय?” शेजारी बसलेले माझे मार्गदर्शक कागदात डोकं घालून होते. मी म्हटलं, “मोजायची म्हणजे बिळं फोडावी लागली असती, सर. एवढीच उरली आहेत.” परीक्षकांनी पेन उचललं आणि पान उलटलं.

तो रकाना अजून तसाच आहे.