बस म्हणणारा रस

फूलबागेत सकाळी एक बाई यायची. चाळिशीची असेल. हातात जाळी आणि झाकणाला भोकं पाडलेला डबा. गवतातले नाकतोडे पकडायची आणि झाकण लावण्याआधी आत हळूच फुंकर घालायची, पोराच्या डोळ्यात घालतात तशी. बायको गेल्यापासून मी तिथेच बाकावर पडून असायचो. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनेही माझं नाही.

एकदा मात्र विचारलं, "इनका करती क्या हो?"

"रिसर्च, अंकल. इनके अंदर एक रस बनता है. पेट भर गया तो अंदर से बोलता है, बस." खेकड्यातही असतो म्हणाली.

"और नहीं बोला तो?"

"तो बेचारा खाता जाएगा." तिने ओढणीने चष्मा पुसला. "शरीर को चलाना ही सब कुछ नहीं, अंकल. रोकनेवाला भी चाहिए."

ती गेली, पण मला उठवेना. दवाखान्यात हिच्या नाकातोंडात नळ्या होत्या. तोंडातली नळी बदलताना माझा हात धरून म्हणाली, "बस." जन्मभर मला अहो-जाहो करणारी बाई. मला वाटलं, 'बसा' म्हणतेय, दम नाही म्हणून शेवटचा 'आ' तोंडातच राहिला. ती पुरे म्हणत होती आणि मी स्टूल ओढून बसलो. वर डॉक्टरांना सांगितलं, अजून काय करायचं ते करा.

त्यांनी बारा दिवस केलं.