अर्धा रोटावेटर

माझा धाकटा भाऊ गावी शेती करतो आणि मी सुरतेत, नवागामला राहून कापडाच्या कारखान्यात लूम चालवतो. खरं सांगू? त्याला बघून माझा जळफळाट होतो. आई त्याच्याकडे, विहीर त्याच्याकडे, गावात मान त्याला. दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून ट्रॅक्टरमागे जोडायचा, माती भुसभुशीत करायचा रोटावेटर घेतला, तर त्यावरही लाल रंगात नाव त्याच्याच पोरीचं. माझ्या पोरीला काय नाव नाही?

मागच्या वर्षी दगडाला लागून रोटावेटरची पाती मोडली, तेव्हा फोन आला, "दादा, निम्मे पाठव." मी भडकलो. "मोडली तुझ्या हातून, मी का भरू?" तो शांतपणे म्हणाला, "वस्तू दोघांची ना?" कपाळ माझं! पाठवले. बायकोला मात्र आठवडाभर ऐकवत होतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो. भाऊ ट्रॅक्टरवर बसून रान तयार करत होता आणि आई बांधावर उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. मला काही ते सहन झालं नाही. "उतर, आता मी," म्हणालो. ट्रॅक्टर मला येतो, तरुणपणी चालवलाय. थोड्या वेळाने मागून खडखड, खडखड सुरू झालं. मला उलट बरंच वाटलं. आमच्या कारखान्यात खडखडाट म्हणजे काम चालू. आवाज थांबला की आम्ही दचकतो. भाऊ लांबून हात हलवत पळत येताना दिसला, तर मी मनात म्हटलं, बघवत नाहीये याला! आणखी दोन फेऱ्या मारल्या. तिसरीला रोटावेटरचा गिअरबॉक्स फुटला.

"आवाज ऐकू नाही आला का रे दादा?" एवढंच तो बोलला.

पंधरा दिवसांनी गिअरबॉक्स पोत्यात घालून तो सुरतेला आला. इथे पांडेसऱ्यात लेथवर असली कामं चांगली होतात. मी शेठकडून उचल घेऊनच ठेवली होती. सगळा खर्च माझा, हे मी आखाजीलाच ठरवलं होतं. मोडलं तरी माझंच मोडलं ना! जेवणं झाल्यावर पैसे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते परत माझ्याकडे सरकवले.

"असू दे."

"अरे, मोडला मी."

"असू दे ना दादा."

"मग निम्मे तरी घे. वस्तू दोघांची आहे."

तो हसला. अगदी मायेने हसला. टोमणा मारला असता तर निदान भांडलो तरी असतो. म्हणाला, "वर्षातून चार दिवस येतोस तू. पाहुण्याकडून कुणी भरून घेतं का?"

मी ताडकन उठलो. "घे म्हणतो ना!" असं ओरडत नोटा त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबायला लागलो. तो माझे दोन्ही हात धरून माझ्या बायकोला विचारत होता, "वहिनी, दादाला झालं तरी काय?"