‘ने’ या शब्दाचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे ‘कशावरून’ म्हणायचे; अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हटलं असतं तर लगेच विचारलं असतं, कशावरून? शब्दांची मुळं तपासणं हे त्यांचं काम. पण या गृहस्थांनी तो संशय घरीही नेला होता. सकाळी स्वतः भरलेला डबा दुपारी वास घेऊन मगच खायचे. लग्न केलं नाही; चौकशीच पूर्ण झाली नाही म्हणे.

त्यांचा नियम एकच. दोन साक्षीदार असल्याशिवाय शब्दाचं नातं मान्य करायचं नाही. नव्या लोकांना ते नेहमी ‘ने’चं उदाहरण देत. ग्रीक माणसाचं ‘ने’ म्हणजे हो. कोरियन माणसाचंही ‘ने’ म्हणजे हो, पण त्या दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. सर्बियन ‘ने’ म्हणजे चक्क नाही, आणि ते मात्र आपल्या ‘न’चा लांबचा भाऊबंद. जपानी लोक वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतात, आपण ‘बरं का’ लावतो तसं. आपलं ‘ने’ संस्कृत ‘नी’ धातूतलं, घेऊन जा म्हणणारं. “चेहरा जुळला म्हणून कूळ जुळत नाही,” असं म्हणून ते चष्मा पुसत.

आणि एका सोमवारी तसाच जुळणारा चेहरा दारात उभा राहिला. तिशीतली बाई. तेच नाक, तीच पुढे आलेली हनुवटी. शिपाई एकदा तिच्याकडे, एकदा यांच्याकडे बघत राहिला.

ती म्हणाली, मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. हा भाऊ पंचेचाळीस वर्षांपूर्वी भांडून जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला, तो परतलाच नाही. आता बंदराच्या गावी एका खोलीत पडून होता. दृष्टी गेली होती, डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. त्याला आपल्या घरी यायचं होतं.

यांच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती घराच्या अर्ध्या वाट्याची. तिने जन्माचा दाखला दाखवला. त्या नावाची माणसं पैशाला पासरी, असं हे म्हणाले. फोटो दाखवला, तो अंधुक निघाला. शेजारच्या टेबलावर मी दात-ओठ खात बसले होते. शेवटी ती उठली. उद्या सकाळच्या बसने परत जाते म्हणाली, आणि वळून एवढंच बोलली, “बाबांनी तुमच्या कोशाला कार्डही पाठवलं होतं. ‘ने’वर. उत्तर आलं नाही.”

ती गेल्यावर ते वाचकांकडून आलेल्या, नामंजूर कार्डांच्या कपाटाकडे गेले. शिडी मी धरली. कार्ड सापडलं. अकरा वर्षांपूर्वीचं, टाईप केलेलं, खाली नाव नाही. बंदराबंदरातून गोळा केलेले ‘ने’चे अर्थ ओळीने दिले होते, बरेचसे बरोबर. शेवटी आपलं ‘ने’, आणि वापराचं उदाहरण: ‘दादा, आता मला घरी ने.’

त्यावर लाल पेन्सिलीने यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, आधार नाही.

“कोणीही लिहिलं असेल,” ते म्हणाले. पण शिडीवरून उतरायला त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर त्यांनी मलाही बोलावून घेतलं. दुसरा साक्षीदार लागतो म्हणे. आम्हा दोघांना बघून पुतणी सरकून बसली. वाटेत यांनी ड्रायव्हरला दोनदा विचारलं की ही बस नक्की तिकडेच जाते ना.

खोलीत एक खाट, एक स्टूल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. खाटेवरच्या म्हाताऱ्याने पावलांचा आवाज ऐकून मान वळवली. पुतणी म्हणाली, बाबा, दादाकाका आलेत.

म्हाताऱ्याने हनुवटी पुढे काढून विचारलं, “कशावरून?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आता आणखी कसला साक्षीदार हवा होता?

यांनी खिसे चाचपले. पुराव्यादाखल हाती एकच कागद लागला, ते कार्ड. त्यावरची लाल अक्षरं त्यांनी पाहिली आणि ते परत खिशात घातलं. मग स्टूल ओढून बसले आणि भावाचा हात हातात घेतला.

“पुरावा नाही रे माझ्याकडे,” ते म्हणाले. “न्यायला आलोय.”