रिसीव्हरची चकती

१९७४, मे महिन्यातला सोमवार. रक्कम साडेतीन रुपये. हजर: मालक, दिवाणजी, चादरी बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं आणि मी.

"स्पिरिट आण," मालक म्हणाले.

औषधाच्या दुकानातून मीच आणलं. दिवाणजींनी कापसाचा बोळा भिजवून फोनचा रिसीव्हर पुसला. कानाची बाजू, मग तोंडाची. गिऱ्हाइकं बघत होती. मालकांचं तेवढ्यानं भागलं नाही.

"बोलायच्या बाजूची चकती बदलूनच घ्या. पैसे ह्याच्या पगारातून कापा. ह्यांच्या थुंकीत बोलायचं का आता आम्ही?"

माझा गुन्हा एवढाच, की वाजणारा फोन मी उचलला होता.

भवानी पेठेतल्या त्या पेढीवर मी चादरींच्या गाठी बांधायचो. आमची जात पेढीला माहीत होती. फोन गादीवर, आणि गादीची पायरी मला बंद. बाहेरगावी मालाचा निरोप द्यायचा, तर मी पायरीखालून ओरडायचं आणि दिवाणजींनी ते फोनमध्ये बोलायचं. पलीकडच्याला मी कधी ऐकूच गेलो नाही.

त्या दुपारी दिवाणजी जेवायला गेलेले, मालक बँकेत. बाहेरगावच्या ट्रंक कॉलची लांब घंटा थांबेना. मी पायरी चढलो.

नागपूरचे व्यापारी होते. "लाल चादरींच्या दोन गाठी इकडं पाठवू नका. अमरावतीच्या दुकानावर पाठवा. गुरुवारी तिथं लग्नाचा माल द्यायचा आहे. सांगा बघू परत."

मी सगळं परत सांगितलं.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. आडनावासकट.

"बरं झालं भाऊ, तुम्ही भेटलात."

तुम्ही. त्या पेढीत मला कुणी तसं म्हणत नसे.

मालक आल्यावर पायरीखालून निरोप दिला. कोण, कुठून, काय, कधीपर्यंत. त्यांनी एवढंच विचारलं, "फोन कुणी उचलला बे?" मग स्पिरिट. त्या बोळ्याबरोबर निरोपही पुसला गेला. गाठी संध्याकाळी नागपूरलाच निघाल्या. दुसऱ्या दिवशी लाइनमननं नवी चकती बसवली.

शुक्रवारी नागपूरचा फोन आला. पलीकडचा चढलेला आवाज मला पायरीखाली ऐकू येत होता. मालक हसून म्हणाले, "छे हो, त्या नावाचा माणूसच नाही आमच्याकडं. कुणीतरी हमाल घुसून बरळला असेल."

स्पिरिट आणायला सांगितलं तेव्हा मी गप्प होतो. घरात चार तोंडं खाणारी. पण आता त्यांच्या लेखी मी नव्हतोच.

चपलांसकट पायरी चढलो. रिसीव्हरजवळ तोंड नेलं. "मी हाय की हितं. मीच बोललो हुतो. निरोप मालकांना सोमवारीच दिलाय."

"उतर खाली!" दिवाणजी किंचाळले. "गादी बाटवली!"

"स्पिरिट हाय की तुमच्याकडं."

मालकांनी फोन आपटला. "ह्याचा हिशेब करा. उद्यापासून दिसायचं नाही हितं."

दिवाणजींनी पगार मोजला. साडेतीन रुपये कापलेलेच.

"म्हंजे चकती माझ्या पैशाची," मी म्हणालो. रिसीव्हर उचलला, चकती फिरवून काढली आणि मुठीत धरली. बोलणं पलीकडं नेणारं आतलं यंत्र निसटून गादीवर पडलं. रिसीव्हर जागेवर ठेवून मी पायरी उतरलो.

तेवढ्यात पुन्हा घंटा. लांब, ट्रंकची. मालकांनी रिसीव्हर उचलला, "हॅलो, हॅलो" केलं. पलीकडं काहीच पोचत नव्हतं. सात वर्षं माझं जसं होत होतं, तसं.

"चकती दे बे!"

"पैसे द्या."

त्यांनी नोटा आणि नाणं पायरीवर फेकलं. मी वाकलो नाही.

"हातात द्या."

पलीकडचा माणूस ओरडत होता. मालक उठले, पायरी उतरले, वाकले.

आज माझ्या घरी फोन नाही. जिथं कुठं तो उचलतो, तिथं आधी माझं पूर्ण नाव सांगतो, मगच निरोप. नाव नको असेल त्यानं निरोपही मागू नये.

शेवटी दिले ते साडेतीन रुपये. मालकांनी, मला. त्यांच्या हातातून माझ्या हातात.