उडता गज

दादाराव म्हणजे काळजीचं गाठोडं. आभाळ आलं तर पावसाची काळजी, नाही आलं तर उन्हाची. सौंसरात नगरपालिकेच्या नळांच्या चाव्या फिरवायचं काम त्याचं, आणि चावी बंद करून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत बघायला जायचा. असा माणूस आमच्या भीमगीत पार्टीत व्हायलिन वाजवायचा. मी ढोलकीवर, त्याच्या शेजारीच. त्याची बायको वत्सलाबाई गायची, आणि खरं तर तिच्या गळ्यावरच पार्टी चालायची.

शहाऐंशी सालच्या भीमजयंतीसाठी सुखदेवनं नवं गाणं बसवलं. पार्टी त्याची, शब्दही त्याचाच चालायचा. दोन कडव्यांच्या मध्ये व्हायलिनचा झपझप तुकडा होता. त्यात गज तारेवर घासायचा नाही, उडवायचा; सूर कसे सुटेसुटे, तव्यावरच्या ज्वारीच्या लाह्यांसारखे. दादारावचा गज आजवर घासतच आला होता.

"जमलं तर वाजव," सुखदेव म्हणाला, "नाई तर आपल्या प्रकाशनं कॅसिओ आणला हाये. तो बटनावर सारं वाजवते. मंग दोघं कायले पाह्यजेत?"

झालं. दादारावच्या तोंडचं पाणी पळालं. दर रविवारी बसनं तो पांढुर्ण्याला जाऊ लागला, दत्तात्रय मास्तरांकडे. मास्तरांचा जन्म नाटक कंपनीत व्हायलिन वाजवण्यात गेलेला. एकदा मीही सोबत गेलो.

"गज तारेवर टाका अन् बोटं ढिली सोडा," मास्तर म्हणाले. "उडनं त्याचं काम हाये, तुमचं नाई."

ऐकायला सोपं. पण जन्मभर लोखंडी चावी आवळत आलेल्या माणसानं मूठ ढिली सोडायची कशी? गज दोनदा उडायचा, आता निसटेल म्हणून हा घट्ट धरायचा, की गज मेला. घरी जेवताना तो लाटणंच बोटांवर तोलत बसायचा.

"जेवन थंडं होऊन राह्यलं," वत्सलाबाई म्हणायची. ती चिडायची नाही. मी मात्र चिडायचो. अरे, गज तो, विंचू नव्हे.

जयंतीला संध्याकाळी मैदान भरलं. प्रकाश कॅसिओ मांडीवर घेऊन तयारच होता. दादारावचा चेहरा पांढराफटक. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटली. इतक्या वर्षांची संगत आज तुटते की काय. पहिलं कडवं संपलं. सुखदेवनं प्रकाशला डोळ्यानं खूण केली आणि प्रकाशची बोटं पट्ट्यांवर आली.

ती खूण वत्सलाबाईनं पाहिली. स्वतःचा माइक तिनं थेट दादारावच्या व्हायलिनपुढे धरला आणि सुखदेवकडे पाठ केली. पहिलाच गज करकरला, तोही भोंग्यातून साऱ्या मैदानात. कोणी तरी हसलं.

"सारे ऐकून राह्यले," दादाराव पुटपुटला.

"ऐकू द्या. मी हाये ना इथं."

तेवढंही भोंग्यातून गेलं. आता झाकायचं काही उरलंच नाही, असं त्याला वाटलं असावं. त्याचा खांदा पडला, मूठ सुटली आणि गज उडाला. सूर टपटप, एकेक वेगळा. प्रकाशनं हात मागे घेतला. तुकडा संपला, मी सम दिली, पण दादाराव थांबेना. थांबलो तर हे पुन्हा यायचं नाही, ही नवी काळजी त्याच्या डोळ्यांत दिसत होती. पुन्हा तुकडा, पुन्हा सम. सुखदेव हातवारे करतोय, लोकांनी टाळ्या धरल्यात. वत्सलाबाईचा हात भरून आला, तिनं त्याला दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण माइक काढला नाही. तिचं दुसरं कडवं त्या दिवशी गायचं राहूनच गेलं.