सायकल नोंदीत येत नाही

तिसरी पाळी करून आलोय. सकाळचे नऊ वाजलेत, बाहेर लख्ख ऊन आहे. सरूनं खिडकीला जुनी चादर अडकवून मला अंधार करून दिलाय. शेजारी मिक्सर फिरतोय. आज तीनला चौकशी आहे आणि त्याआधी चार तास तरी डोळा लागायला हवा. मिक्सरचा आवाज लांब जातो, बारीक होतो, आणि बघता बघता त्याची टिकटिक होते. सायकलचं मागचं चाक हवेत सोडून उलटं फिरवलं की होते, तशी.

कॉटच्या पायथ्याशी निवृत्तीनाना बसलेत. मांडीवर सायकलची चेन घेतलीय आणि बोटानं तिला तेल लावतायत.

नाना जाऊन चार महिने झाले. फाउंड्रीत आम्ही एकाच खात्यात होतो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. रोज सकाळी ते पुढं आणि मी मागं, असे सायकलवरून कामाला जायचो.

"काय रे भास्करा, लागते का झोप?"

"कुठली लागतेय."

"मला मस्त लागते. पाठ दुखायची थांबली बघ. मरण्यात तेवढा एक फायदा आहे."

मी हसतो. मग हसायला नको होतं असं वाटतं.

"नाना, इथं कशाला आलात? यमुनावहिनींकडे जायचं."

"तिच्याकडूनच आलो. बोलत नाही माझ्याशी. म्हणते, लाल दिवा तोडून मेलात, आता मी माणसांत कुठल्या तोंडानं जाऊ." ते चेनची एक कडी डोळ्यापाशी धरतात. "बत्तीस वर्षं संसार केला. तिला कोणीतरी कागद वाचून दाखवला आणि तिनं कागदावर विश्वास ठेवला."

मी भिंतीकडे तोंड करतो. भिंत नाही. तिथं तेलमिल चौक आहे.

तेलमिल चौक तुम्ही बघितला नसेल तर सांगतो. मोठा रस्ता सहा पदरी, टँकर आणि कंटेनरचा. आमच्या वस्तीकडून येणारा रस्ता लहान. मोठ्या रस्त्याला हिरवा कायम असतो. लहान रस्त्यावर गाडी आली तरच आपल्याला हिरवा मिळतो. गाडी आली हे सिग्नलला कळतं कसं? थांबायच्या पट्ट्यामागं डांबरात चौकोनी चर मारून तार पुरलीय. वर गाडी उभी राहिली की कोपऱ्यातल्या पेटीला कळतं. मोटार कळते, रिक्षा कळते, फटफटी कळते. सायकल कळत नाही. सकाळी पावणेसातला आम्ही चाळीस जण पट्ट्यावर उभे असतो आणि त्या पेटीच्या हिशेबानं रस्ता रिकामा असतो.

मग आम्ही सायकल झोपवायला शिकलो. पहिल्यानं उतरायचं, सायकल त्या चौकोनावर आडवी निजवायची, लोखंड तारेच्या जवळ गेलं की पेटीला कधी कधी चाहूल लागते. नव्या पोराला पाळीवर आल्या आल्या आम्ही हेच शिकवतो: आधी सायकल झोपव, मग बोल. नसेल लागत चाहूल तर दुधाचा टेम्पो येईपर्यंत थांबायचं. टेम्पो आला की आमच्यात आनंद. एखाद्या मंत्र्याच्या गाडीचं स्वागत व्हावं तसं त्या ड्रायव्हरला पुढं बोलवायचं.

नानांनी याच्यावर तीन अर्ज केले. सिग्नलच्या खात्याचे चौगुले साहेब होते, त्यांचं उत्तर आलं: सायकल हे वाहन यंत्रणेच्या नोंदीत येत नाही. नानांनी ते उत्तर घडी करून खिशात ठेवलं. भेटेल त्याला दाखवायचे. "बघ, मी सरकारदरबारी अदृश्य आहे. बायकोला सांगितलं तर म्हणते, घरात तर जागा अडवून बसता."

आता त्या चौकात ऊन आहे पण सावल्या नाहीत. नाना माझ्या शेजारी सायकल धरून उभे आहेत आणि पट्ट्यावरही तेच आहेत, चार महिन्यांपूर्वीचे.

"बघ," शेजारचे नाना म्हणतात.

"मी बघितलंय."

"परत बघ."

पट्ट्यावरचे नाना सायकल झोपवतात. दिवा लाल. उचलतात, जरा पुढं निजवतात. लाल. पाठ धरून उठतात. चार मिनिटं. कारखान्याचा भोंगा होतो, पहिला. सातवर पाच मिनिटं झाल्यावर गेटवर कार्ड लावलं की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. मागं टेम्पो नाही, फटफटी नाही; रांग आधीच्या टेम्पोबरोबर निघून गेलीय, आम्ही दोघंच राहिलोय. मी मागं चहाच्या टपरीशी ग्लास हातात धरून उभा आहे. नाना एकदा डावीकडे बघतात, एकदा उजवीकडे, आणि पायडलवर पाय देतात.

टँकर येतो. मी तोंड फिरवतो. स्वप्नातही फिरवतो.

"आता साहेब दाखव," नाना म्हणतात.

आम्ही चौगुले साहेबांच्या दिवाणखान्यात असतो. फरशीवर पांढरा पट्टा मारलाय, सोफ्याच्या मधोमध सिग्नलचा खांब उभा आहे, काचेच्या टीपॉयवरून कंटेनर जातायत. चौगुले साहेब नानांच्या सायकलवर बसलेत. इस्त्रीचा शर्ट, एक पाय जमिनीवर. घड्याळ बघतायत.

"अहो, हा सुटत का नाही?"

"सुटेल ना साहेब," मी म्हणतो. "तुम्ही नोंदीत आलात की सुटेल."

"मी खात्याचा प्रमुख आहे!"

"पेटीला सांगा."

ते पेटीला सांगतात. खरंच वाकून सांगतात, हुद्द्यासकट. लाल.

"झोपवा सायकल."

"काय?"

"आडवी निजवा. आम्ही निजवतो तशी."

ते निजवतात. हातांना तेल लागतं, शर्टाला पुसतात. लाल. मग मी म्हणतो, आता तुम्ही स्वतः निजा, तुमच्या अंगात लोखंड असलं तर लागेल चाहूल. आणि ते निजतात. फरशीवर, पोटावर, गाल डांबराला. कारण फरशीचं आता डांबर झालंय आणि ते तापलेलं आहे. त्यांच्या टाचांपासून दोन वितींवरून टँकर जातोय. प्रत्येक वेळी ते अंग चोरतात.

मला मजा येते. खोटं कशाला बोलू? चार महिने मी याच गोष्टीची वाट बघतोय. जागेपणी मी त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्यात, त्यांच्या दारात मेलेली घूस टाकलीय, सगळं मनातल्या मनात. हे त्याहून गोड आहे. मी टपरीवरून चहा मागवतो आणि बघत उभा राहतो. राहू दे त्याला इथंच. वर्षभर राहू दे. केस पांढरे होऊ देत.

"झालं तुझं?" नाना म्हणतात.

ते हसत नाहीत. मी इकडं एवढा हसतोय आणि ते हसत नाहीत.

"नाना, यानं मारलं तुम्हाला."

"यानं मारलं. मान्य. ह्याला मी सोडणार नाही, ते माझं मी बघतो. पण लाल दिवा तोडला असं लिहिलं कोणी?"

"हवालदारानं."

"खाली सही कोणाची?"

मी चहाचा घोट घेतो. ग्लासात चहा नाही, वंगण आहे.

आता तुम्हालाही सांगायला हवं. त्या दिवशी पंचनामा झाला तेव्हा पंच म्हणून मी उभा होतो. नाक्यावरचा हवालदार लगेच आला, म्हणाला, नाव लिही, खाली सही कर, मजकूर मी मागून भरतो. कागद कोरा होता. दुसरा भोंगा व्हायचा होता. नानांवर कोणाचीतरी लुंगी टाकलेली होती आणि मी कोऱ्या कागदावर सही केली, सायकलवर टांग टाकली आणि सात वाजून चार मिनिटांनी कार्ड लावलं. अर्धा दिवस वाचला. चार मिनिटं थांबून काही झालं नाही, दोनदा सायकल झोपवली, पेटी बहिरी आहे, यातलं एक अक्षर त्या कागदावर नाही. "सायकलस्वार बेदरकारपणे लाल दिव्यात घुसला." खाली माझं नाव, वळणदार.

"तुला माहीत होतं," नाना म्हणतात. आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. "चौगुल्याला सायकल म्हणजे काय ते माहीत नाही. हवालदाराला मी कोण ते माहीत नाही. तू टपरीवर होतास हरामखोरा. माझ्याच नावावर चहा पीत होतास."

"काल सिग्नलच्या खात्याचा माणूस घरी आला होता," मी म्हणतो. कशाला बोलतो कळत नाही. "म्हणाला, तीनला चौकशीला या, कागदावर आहे तेच बरोबर आहे एवढं म्हणा, परत एक सही करा. चूक सायकलवाल्याची निघाली की विषय मिटला."

"आणि तार?"

"तार आहे तशीच."

"मग उद्या कोण रे? तू? का आपल्या वस्तीतल्या पेंटरचा थोरला पोरगा, तो रांगेत पुढं असतो हल्ली?"

दिवाणखाना गेलेला आहे. साहेब गेलेले आहेत. पट्ट्यावर मी आहे, नानांच्या सायकलवर. मागं पहिल्या पाळीची रांग, चाळीस जण. पेटीचं दार उघडतं आणि आत हवालदार बसलाय, मांडीवर कागद. कोरा. पेन पुढं करतो आणि म्हणतो, "सही कर, हिरवा देतो." लांबवर भोंगा सुरू होतो.

आणि माझा हात जातो. शप्पथ सांगतो, आपोआप जातो. स्वप्नात, मेलेल्या माणसासमोर, भोंगा ऐकला आणि हात पेनाकडे गेला.

नाना माझं मनगट पकडतात. फाउंड्रीतला हात, जसा होता तसाच. माझे दोन्ही पंजे हँडलवर दाबतात, वरून आपले पंजे ठेवतात आणि सगळ्या अंगाचा भार टाकतात.

"हात हँडलवर ठेव."

"दुखतंय नाना."

"दुखू दे. हात भरलेला असला की सही होत नाही. तोंड मोकळं आहे ना? तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"चार मिनिटं," नाना म्हणतात. "आधी तेवढं सांग. माझ्या बायकोसमोर सांग."

मी सांगायला तोंड उघडतो, भोंगा वाढत जातो, नाना आणखी दाबतात, रबर तळव्यात रुतत जातं.

"अहो, उठा! एक वाजला." सरू चादर ओढून काढते. ऊन थेट तोंडावर. "चौकशीला जायचं ना? आणि हे काय, मुठी काय आवळल्यात लहान मुलासारख्या?"

मुठी सुटत नाहीत. तीच एकेक बोट धरून सोडवते. मग माझा उजवा तळवा उन्हाकडे धरते आणि बघत राहते.

"कशावर निजला होतात?"

तळव्यावर चौकड्या उठल्यात. जुन्या सायकलच्या मुठीवरच्या रबराला असतात तशा, बारीक, तिरक्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत लालबुंद. मी डाव्या हातानं चोळतो. जात नाहीत. पाण्याखाली धरतो. सरू जेवायला वाढते, तर घास घेताना दुखतात.

"यमुनावहिनींना निरोप दे," मी तिला म्हणतो. "म्हणावं, तीनला तुम्हीही चला. तुमच्यासमोर सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

बोटं अजून पुरती सरळ होत नाहीत. या हातानं आज पेन धरता येणार नाही.