वत्सलाबाईंनी मला कट्ट्यावर नेले

वत्सलाबाईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या शाळेच्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि चार वर्षांचा एक मुलगा त्यांना चकलीचा सोऱ्या कसा फिरवायचा ते शिकवत होता. बाई मन लावून शिकत होत्या. मी दारात उभी. आजऱ्याहून सकाळच्या गाडीने आलेली, एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात बालशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि रंगीत चित्रांच्या तक्त्यांची गुंडाळी. बाईंनी मान वर केली, तक्ते उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहेत. कपाटावर ठेवा." मला राग आला. तक्ते मी पदरचे पैसे घालून घेतले होते.

बाईंच्या अमृतमहोत्सव समितीने मला लिहायला सांगताना 'गोड लिहा' असे बजावले आहे. गोड लिहिणे मला जमत नाही, आणि बाईंना ते चालायचेही नाही. त्यांच्या हाताखाली वीस-एक वर्षे काढली. त्या हट्टी आहेत, त्यांनी एकही अहवाल वेळेवर पाठवलेला नाही आणि त्यांचे टेबल म्हणजे निव्वळ उकिरडा असे. हे सगळे खरे धरून पुढचे वाचावे.

कोल्हापुरातल्या एका पेठेतली आमची बालवाडी म्हणजे दोन खोल्या आणि एक अंगण. भिंती कोऱ्या. खोलीच्या मधोमध लाकडी खोके आणि त्यात वस्तू: सूप, खुरपे, दावे, कुलूप, फिरकीचा तांब्या, कुणाच्या तरी आजोबांची चंची. मुले घरून रोज काहीबाही आणत. ज्याने आणले त्याने सांगायचे, बाकीच्यांनी हात लावून बघायचे. मुलाने घरचा शब्द सांगितला की बाई तोच शब्द आधी स्वतः वापरत आणि मग पुस्तकातला शब्द बोलता बोलता शेजारी आणून ठेवत. चूक म्हणून दाखवत नसत. "कोरड्यास मलाही आवडतं. आमच्या घरी कालवण म्हणतात, पुस्तकात आमटी म्हणतील. भूक लागली की तिन्ही चालतात," असे त्या एकदा सगळ्या वर्गाला म्हणाल्या होत्या.

मुलाला शब्द आला की नाही हे त्या कधी विचारून बघत नसत. अंगणातल्या वाळूजवळ पाठ करून बसत, मटार सोलत. दोन-तीन दिवसांनी खेळताखेळता तो शब्द मुलाच्या तोंडून आपण होऊन आला, तरच तो आला असे धरायचे. आणि एक नियम होता, तो मला पहिल्याच आठवड्यात सांगितला गेला: जे आपल्याला ठाऊक आहे ते मुलाला विचारायचे नाही. मी मान डोलावली. मनात म्हटले, मग शिकवायचे तरी काय, कपाळ?

त्याच वर्षी बाईंच्या बहिणीचे कागलला मोठे आजारपण निघाले आणि बाई तीन आठवडे तिकडे राहिल्या. बालवाडी माझ्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ते कपाटावरून खाली आले आणि भिंतीला लागले. छडी घेऊन मी एकेका चित्रावर ठेवी. "हे काय? आणि हे काय?" पोरे ओरडून सांगत. माझी छाती फुगली. एकटी हौसा गप्प.

हौसा नुकतीच आलेली, पाचेक वर्षांची. तिचे वडील शेतकरी, चार म्हशी बाळगून होते आणि संध्याकाळी त्या शहरातल्या दूधकट्ट्यावर आणत. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाचा पेला तिथल्या तिथे हातात द्यायचा, हा कट्ट्याचा रिवाज. अशा घरातल्या मुलीला मी म्हशीचे चित्र दाखवून विचारले, "हे काय?" ती माझ्याकडे बघत राहिली. सूप दाखवले, तेच. खोक्यातली वस्तू हातात घेऊन विचारले, तेच. अकरा दिवस ती एक अक्षर बोलली नाही. बाराव्या दिवशी मी ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लिहिली: "मुलीस बोलता येत नाही. समजही कमी वाटते. शाळेत पाठवू नये, डॉक्टरांस दाखवावे." खाली सही केली, तारीख घातली आणि चिठ्ठी हौसाच्याच हाती घरी धाडली. माझ्या नोकरीतले ते पहिले अधिकृत लिखाण, म्हणून अक्षर मुद्दाम वळणदार काढले होते. आज सांगताना लाज वाटते.

बाई परतल्या, हजेरी पाहिली आणि हौसा कुठे म्हणून विचारले. मी सांगितले. मला वाटले, रागावतील. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही तिला काय विचारत होतात?" मी तेही सांगितले. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "संध्याकाळी चपला घाला. कट्ट्यावर जायचंय."

कट्ट्यावर पोचलो तेव्हा गिऱ्हाईक नुकते जमू लागले होते. हौसाचे वडील म्हशीच्या कासेला पाणी लावत होते. बाईंना पाहून उठले आणि नमस्कार केला. माझ्याकडे बघितलेही नाही.

"बाई, चिठ्ठी मला वाचाय येत न्हाय," ते म्हणाले. "हॉटेलात वाचून घ्याय गेलतो. वाचणाऱ्यानं मोठ्यांदा वाचली. आता समदी गल्ली पोरीला मुकी म्हणाय लागलीया. उद्याच्या गाडीनं तिला नेसरीला मामाकडं धाडतोय. तिकडं म्हशी राखंल. मुक्या पोरीला साळा कशाला पायजे, सांगा की!"

बाईंनी फक्त बोट दाखवले. पलीकडच्या म्हशीशी हौसा बोलत होती. बोलत होती म्हणजे काय, तोंडाचा पट्टा चालू होता! "सरळ हुबी ऱ्हा की गं. आंबोण खाल्लंस न्हवं? मग पान्हा चोरतीस व्हय? रेडकाला ठेवतीस व्हय? थांब, आण्णास्नी सांगते." निम्मे शब्द मला नवे होते. आंबोण म्हणजे काय, हे मला बाईंना हळूच विचारावे लागले. म्हशीला धारेच्या वेळी घालायचे भिजवलेले खाद्य, त्यांनी सांगितले.

मग बाई हौसाजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. "हौसा, आमच्या ह्या बाईंशी का गं बोलली नाहीस?"

हौसाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. तरी मला ऐकू आलेच.

"त्यास्नी काय बी ठावं न्हाय, बाई. म्हस दावून इचारत्यात, ह्ये काय. सूप हातात घिऊन इचारत्यात, ह्ये काय. येवढ्या मोठ्या बाई, आन् सूप ठावं न्हाय. मी समद्या पोरांम्होरं कसं सांगू? पोरं हसतील की त्यास्नी."

ती मुलगी अकरा दिवस माझी अब्रू राखत होती. आणि मी तिला काय लिहून दिले, ते वर दिलेच आहे.

बाई उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बोला." मी हळू आवाजात हौसाच्या वडिलांना म्हटले, चूक झाली, चिठ्ठी परत द्या. त्यांनी डोक्याची टोपी काढली, आतली चिठ्ठी काढली, पण हातात दिली नाही.

"चारचौघांत वाचलीया, बाई. चारचौघांतच माघारी घ्या."

कट्ट्यावर पंधरा-वीस माणसे असतील. कुणाच्या हातात पेला, कुणाच्या मिशीला फेस. मी बाईंकडे पाहिले. मला वाटले, आता तरी त्या पुढे होतील, मी नवी आहे म्हणून सांभाळून घेतील. त्या जागच्या हलल्या नाहीत आणि मला सोडून गेल्याही नाहीत. मग मी घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ही मुलगी मुकी नाही. हुशार आहे. चिठ्ठी मी लिहिली आणि ती खोटी आहे. मला मुलांना विचारता येत नाही." एक म्हातारे पैलवान म्हणाले, "व्हय की, आमी रोज ऐकतोय तिला." लोक हसले. हौसाच्या वडिलांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि एक पेला भरून पुढे केला. दुसऱ्या दिवशीची नेसरीची गाडी हौसाशिवाय गेली.

पुढे तपासणीला अधिकारी आले. पटावरून नाव काढलेली मुलगी परत कशी, असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, "आमच्याकडून चूक झाली होती." आमच्याकडून. त्या वेळी बाई कागलला होत्या, हे हजेरीतच लिहिलेले होते. त्या चुकीचे धनीपण बाईंनी गेली वीस वर्षे माझ्यासोबत वाटून घेतले आहे. कट्ट्यावर त्यांनी माझी सुटका केली नाही आणि साहेबांसमोर मला एकटी पडू दिले नाही. दोन्हींबद्दल त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. म्हणून इथे, छापील अक्षरांत, चारचौघांत सांगते: ती चूक माझी एकटीची होती.

वत्सलाबाईंना पंच्याहत्तर पुरी झाली. गुडघे कुरकुरतात, बाकी प्रकृती ठणठणीत आहे, आणि ती तशीच राहो. त्यांनी शंभरी पाहावी, असे मला मनापासून वाटते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. दर जूनला नवे प्रमाणपत्र घेऊन कुणीतरी आमच्या दारात उभे राहते, हुशार, उत्साही, अगदी मी होते तसे. बाई, अजून बरीच वर्षे चालत्या-फिरत्या राहा. चिठ्ठ्या लिहायला आम्ही सगळ्याच तयार आहोत; परत घ्यायला हाताला धरून नेणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.